संगणकीय रेडिओ ग्राही : संवेदनक्षमता आणि गोंगाट

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले, तेव्हा उन्मळलेली झाडे विजेच्या तारांवर कोसळून राज्यातील अनेक गावे अंधारात गेली. वीज गेली की भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवरील बॅटऱ्याही कालांतराने उतरू लागतात. निरोप पोचणे ज्या वेळी सर्वांत निकडीचे असते, नेमक्या त्याच वेळी निरोपाचे नेहमीचे मार्ग बंद होतात. अशा प्रसंगी रेडिओचे मोल कळून येते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटांचे दळणवळण विस्कळीत केले, त्या वेळी हैदराबाद येथील राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी केंद्रचालकांचे पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच होते. त्यांच्या लघुलहरी केंद्रावरून बेटांवरील लोकांची खबरबात मुख्य भूमीपर्यंत पोचू शकली.

असे दूरचे आणि क्षीण निरोप ऐकण्यासाठी आता संगणकाशी जोडावयाचे लहान रेडिओ ग्राही माफक किमतीत मिळू लागले आहेत. शाळांची विज्ञान मंडळे, महाविद्यालये आणि आपत्ती निवारणाचे काम करणाऱ्या संस्था त्यांची खरेदी करीत आहेत. जाहिरातींतून प्रत्येक संच 'अत्यंत संवेदनक्षम' असल्याचे सांगितले जाते आणि त्यासाठी निरनिराळे आकडे पुढे केले जातात. या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानी न घेता केलेली खरेदी निष्फळ ठरण्याचा संभव असतो. संच किती क्षीण संकेत ऐकू शकतो, हे केवळ संचावर ठरत नाही. तो कोणत्या कंप्रतेवर वापरावयाचा, कोणत्या जागी ठेवावयाचा आणि त्याच्या शेजारी कोणती प्रबळ केंद्रे आहेत, यांवर ते अधिक ठरते. या गोष्टी कशा घडतात, ते येथे क्रमाने पाहू.

नव्या ग्राहीची रचना

जुन्या रेडिओ संचात हव्या त्या केंद्राची निवड, नको असलेल्या संकेतांची गाळणी आणि ध्वनीचे पुनर्निर्माण ही सर्व कामे वेटोळी, धारित्रे, स्फटिक आणि ट्रान्झिस्टर यांच्या मंडलांकडून होत असत. नव्या पद्धतीत एरियलकडून आलेला संकेत थोडा विवर्धित करून एका अंकीय रूपांतरकाकडे दिला जातो. हा रूपांतरक सेकंदाला लाखो वेळा संकेताचे मोजमाप करून त्याचे आकड्यांत रूपांतर करतो, आणि पुढील सर्व कामे संगणकावरील आज्ञावली गणिताने करते. म्हणून या प्रकाराला 'सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ' असे नाव पडले. या कल्पनेची मांडणी १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील जोसेफ मिटोला यांनी केली.

ही पद्धत सामान्यांच्या आवाक्यात आली ती २०१२ मध्ये. युरोपीय पद्धतीचे दूरचित्रवाणी कार्यक्रम संगणकावर पाहण्यासाठी तयार केलेल्या, 'आरटीएल २८३२ यू' ही चिप असलेल्या एका बोटभर लांबीच्या उपकरणातून मूळ अंकीय नमुने जसेच्या तसे मिळवता येतात, ही गोष्ट त्या वर्षी सर्वत्र माहीत झाली. तेव्हापासून ते उपकरण सर्वसाधारण रेडिओ ग्राही म्हणून जगभर वापरले जाऊ लागले. त्याचा रूपांतरक ८ बिटांचा असतो. त्याहून महाग संचांत १२, १४ किंवा १६ बिटांचे रूपांतरक आढळतात. या बिटांचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे समजण्यासाठी प्रथम गोंगाटाचा विचार करावा लागेल.

गोंगाट कोठून येतो

रेडिओमधून येणारी अखंड खरखर म्हणजे गोंगाट. संकेत या खरखरीपेक्षा वर उठला तरच तो ऐकू येतो. ग्राहीत विवर्धन हवे तितके वाढवता येते, परंतु त्यामुळे संकेताबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. जत्रेच्या गर्दीत दुरून मारलेली हाक ऐकू येत नाही, ती कान मंद असतात म्हणून नव्हे. महत्त्व आहे ते संकेत आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराला.

गोंगाटाचा पहिला उगम खुद्द पदार्थाच्या उष्णतेत आहे. कोणत्याही विद्युत् वाहकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्ताव्यस्त हालचाल करीत असतात आणि त्यामुळे अत्यल्प विद्युत् दाब निर्माण होतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती सांगितली. दोघांचेही निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. बोल्ट्झमन स्थिरांक, केवल तापमान आणि ग्राहीची पट्टरुंदी यांचा गुणाकार केला की या गोंगाटाची शक्ती मिळते. पट्टरुंदी म्हणजे ग्राही एका वेळी कंप्रतेचा जेवढा भाग ऐकतो, तेवढी रुंदी. संभाषणासाठी लागणाऱ्या २.४ किलोहर्ट्झ पट्टरुंदीत आणि १७ अंश सेल्सियस तापमानात ही शक्ती एका वॉटचे दहा कोटी अब्ज भाग केले असता त्यांतील एका भागाएवढी भरते. ही निसर्गाने घातलेली तळरेषा होय.

दुसरा उगम ग्राहीतच असतो. त्याचे विवर्धक आणि इतर भाग या तळरेषेवर स्वतःची भर घालतात. ही भर किती, हे 'नॉइज फिगर' या नावाने माहितीपत्रकात डेसिबेलमध्ये दिलेले असते. मराठीत त्यास गोंगाट अंक म्हणता येईल. डेसिबेल हे गुणोत्तराचे माप आहे : ३ डेसिबेल म्हणजे सुमारे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट आणि ३० म्हणजे हजारपट शक्ती. गोंगाट अंक जितका कमी, तितका संच स्वतः शांत.

तिसरा उगम बाहेरचा, आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. आकाशातील विजा, विजेच्या तारांवरील ठिणग्या, मोटारींचे प्रज्वलन, भ्रमणध्वनीचे चार्जर, एलईडी दिव्यांतील हलक्या प्रतीची मंडले, सौर विजेचे इन्व्हर्टर ही सर्व साधने रेडिओ लहरी बाहेर टाकतात. एवढेच नव्हे, तर आकाशगंगाही गोंगाट करते. १९३० च्या दशकाच्या आरंभी कार्ल जान्स्की हे लघुलहरी दळणवळणात येणाऱ्या खरखरीचा शोध घेत असताना त्यांना आकाशगंगेच्या मध्याकडून येणाऱ्या लहरी आढळल्या, आणि त्यातूनच रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म झाला.

लघुलहरींवरील हिशेब

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आपल्या पी. ३७२ या शिफारशीत मानवनिर्मित गोंगाटाची मध्यमाने दिली आहेत. त्यांतील सूत्रांप्रमाणे ७ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर बाहेरून येणारा गोंगाट शहरात उष्णताजन्य तळरेषेच्या सुमारे ५३ डेसिबेल, ग्रामीण भागात सुमारे ४४ डेसिबेल आणि वस्तीपासून दूरच्या शांत ग्रामीण भागात सुमारे २९ डेसिबेल वर असतो. पटींत सांगावयाचे तर शहरात सुमारे २ लाख पट, गावात सुमारे २४ हजार पट आणि दूरच्या माळावर सुमारे ९०० पट.

आता दोन संचांची तुलना करू. एकाचा गोंगाट अंक ५ डेसिबेल, दुसऱ्याचा १५ डेसिबेल. कागदावर पहिला संच कितीतरी सरस दिसतो. उष्णताजन्य गोंगाटाला एक एकक मानले, तर पहिला संच स्वतःची सुमारे २ एककांची आणि दुसरा सुमारे ३१ एककांची भर घालतो. परंतु गावात बाहेरून आधीच २४,००० एकके गोंगाट आत येत आहे. म्हणजे एका संचात एकूण गोंगाट २४,००२ आणि दुसऱ्यात २४,०३१ एकके होईल. हा फरक हजारात एकाच्या आसपास आहे आणि तो कानाला कळणे अशक्य आहे. शहरात तर तो आणखी नगण्य होतो. केवळ अधिक संवेदनक्षमतेसाठी लघुलहरींवर अधिक पैसा घालविल्याने निरोप अधिक स्पष्ट येत नाही. त्याच पैशात एरियल गोंगाटाच्या जागेपासून दूर नेता आली, तर मात्र निश्चित लाभ होतो.

गावातून शांत माळावर गेल्यास गोंगाट सुमारे १४ डेसिबेलने उतरतो, म्हणजे सुमारे पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. कोणताही महाग संच गावात बसून एवढा लाभ देऊ शकणार नाही.

उच्च कंप्रतेवर चित्र बदलते

कंप्रता वाढते तसा बाहेरचा गोंगाट घटत जातो. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, जेथे हौशी केंद्रचालकांचे हातसंच चालतात, ग्रामीण भागातील मानवनिर्मित गोंगाट त्याच सूत्राने केवळ सुमारे ७ डेसिबेल, म्हणजे साडेपाच एककांच्या आत उरतो. येथे ४ डेसिबेल गोंगाट अंकाचा संच एकूण गोंगाट सुमारे ७ एककांवर ठेवतो, तर १० डेसिबेलचा संच तो १४ एककांच्या वर नेतो. म्हणजे दुसऱ्या संचात गोंगाट दुप्पट होतो आणि काठावरचा निरोप बुडतो. या पट्ट्यात संचाचा शांतपणा खरोखर कामास येतो.

परंतु येथेही केवळ संच पाहून भागत नाही. १९४४ मध्ये हॅराल्ड फ्रीस यांनी दाखवून दिले की, एकापुढे एक जोडलेल्या भागांच्या साखळीत पहिल्या भागाचा गोंगाट सर्वांत जड ठरतो. पहिल्या विवर्धकाने संकेत पुरेसा मोठा केला, की पुढच्या भागांची भर त्या मानाने क्षुल्लक होते. म्हणून विवर्धक किती चांगला याबरोबरच तो कोठे बसविला, यालाही महत्त्व आहे.

उदाहरणार्थ, छपरावरील एरियलपासून खोलीतील संचापर्यंत ३० मीटर बारीक केबल टाकली, तर १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ डेसिबेल हानी होते; संकेताची चौथाई शक्तीच खाली पोचते. संचाचा गोंगाट अंक ६ डेसिबेल धरला, तर एरियलपाशी एकूण अंक १२ डेसिबेल होतो. आता १ डेसिबेल गोंगाट अंकाचा आणि २० डेसिबेल विवर्धनाचा एक लहान विवर्धक घेऊन तो खोलीत, संचाच्या तोंडाशी बसविला, तर एकूण अंक सुमारे ७ डेसिबेलपर्यंत उतरतो. तोच विवर्धक छपरावर, एरियलच्या पायथ्याशी बसविला, तर एकूण अंक सुमारे दीड डेसिबेल होतो. साधन तेच, खर्चही जवळजवळ तेवढाच, परंतु जागा बदलल्याने पडणारा फरक साडेपाच डेसिबेलांचा आहे. केबलमध्ये एकदा हरवलेला संकेत पुढे कितीही विवर्धन केले तरी परत मिळत नाही.

या दोन्ही तत्त्वांचे मोठे उदाहरण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे पाहावयास मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची मिळून बनली आहे. तिची जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे ही एक कसोटी होती, आणि प्रत्येक थाळीतील पहिले विवर्धक नाभीपाशी, लहरी जेथे एकवटतात तेथेच, बसविलेले आहेत. जागा आधी, मग पहिला विवर्धक, आणि त्यानंतर बाकीची यंत्रसामग्री, हा क्रम लहान केंद्रालाही तसाच लागू पडतो.

प्रबळ शेजारी आणि बिटांचे काम

क्षीण संकेत ऐकताना दुसरी अडचण येते ती प्रबळ संकेतांची. संगणकीय ग्राही एकाच वेळी कंप्रतेचा मोठा पट्टा आत घेतो. त्या पट्ट्यात जवळच्या आकाशवाणी केंद्राचा जोरकस संकेत असेल, तर रूपांतरकाची मोजपट्टी त्यानेच भरून जाते. ८ बिटांच्या मोजपट्टीवर २५६ खुणा असतात, १२ बिटांच्या मोजपट्टीवर ४,०९६, १४ बिटांच्या मोजपट्टीवर १६,३८४ आणि १६ बिटांच्या मोजपट्टीवर ६५,५३६. मोठ्या संकेतासाठी विवर्धन कमी करावे, तर लहान संकेत खुणांच्या मधल्या फटीत हरवतो. विवर्धन वाढवावे, तर मोठा संकेत मोजपट्टीबाहेर जातो आणि सर्व पट्ट्यावर खोटे संकेत उमटू लागतात.

आदर्श स्थितीत ८ बिटांचा रूपांतरक सुमारे ५० डेसिबेलचा, १२ बिटांचा ७४, १४ बिटांचा ८६ आणि १६ बिटांचा ९८ डेसिबेलचा पल्ला देतो. प्रत्यक्षातील रूपांतरक यापेक्षा थोडे कमीच भरतात. संगणक मोठ्या पट्ट्यातून लहान पट्टा गाळून घेतो, तेव्हा या पल्ल्यात भर पडते. २.४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून २.४ किलोहर्ट्झचा भाग वेगळा केला, की रूपांतरकाचा गोंगाट हजारात एक एवढाच वाट्याला येतो आणि पल्ला सुमारे ३० डेसिबेलने वाढतो. त्यामुळेच ८ बिटांचा स्वस्त संचही अनेक ठिकाणी समाधानकारक काम देतो.

यावरून अधिक बिटांचे खरे काम ध्यानी येईल. अधिक बिटांमुळे संचाचे कान तीक्ष्ण होत नाहीत. प्रबळ शेजाऱ्याच्या उपस्थितीत क्षीण संकेत टिकवून धरण्याची शक्ती वाढते. शांत जागी, प्रक्षेपण केंद्रांपासून दूर, ८ आणि १४ बिटांच्या संचांत फारसा फरक जाणवणार नाही. प्रक्षेपण मनोऱ्याजवळच्या शाळेत मात्र तो ठळकपणे जाणवेल. तेथेही प्रथम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा अडविणारा साधा फिल्टर लावून पाहावा. पुष्कळदा अडचण तेवढ्यानेच दूर होते.

आकडे कसे वाचावेत

माहितीपत्रकात संवेदनक्षमता बहुधा मायक्रोव्होल्टमध्ये दिलेली असते. हा आकडा कोणत्या पट्टरुंदीत आणि संकेत-गोंगाटाच्या कोणत्या गुणोत्तरास मोजला, हे सांगितले नसेल तर तो निरुपयोगी आहे. एखाद्या संचाची संवेदनक्षमता २.४ किलोहर्ट्झ पट्टरुंदीत ०.२५ मायक्रोव्होल्ट असेल, तर त्याच संचाची ५०० हर्ट्झ पट्टरुंदीत सुमारे ०.११ मायक्रोव्होल्ट येईल. संच बदललेला नाही. अरुंद खिडकीतून कमी गोंगाट आत आला, एवढेच.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारा आलेखही असाच फसवा असू शकतो. आज्ञावली पट्ट्याचे हजारो बारीक कप्पे करून प्रत्येकातील शक्ती दाखविते. कप्प्यांची संख्या ८,१९२ वरून ६५,५३६ केली, की प्रत्येक कप्पा आठपट अरुंद होतो आणि पडद्यावरील गोंगाटाची रेषा ९ डेसिबेलने खाली उतरते. ज्याच्या आलेखाची रेषा खाली, तो संच सरस, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरते.

दोन संचांची खरी तुलना करावयाची असेल, तर दोन्हींना एकाच एरियलचा संकेत विभाजकातून एकाच वेळी द्यावा; पट्टरुंदी समान ठेवावी; स्वयंचलित विवर्धन बंद करून दोन्ही संचांचे विवर्धन हाताने योग्य जागी आणावे; आणि एकाच क्षीण केंद्राचा संकेत गोंगाटाच्या किती डेसिबेल वर उठतो, तेवढेच मोजावे. हा प्रयोग कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थीही एका दुपारी करू शकतात.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

संच पुरेसा संवेदनक्षम आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. रिकाम्या कंप्रतेवर संच लावून एरियल काढावी, तिच्या जागी ५० ओहमचा रोधक जोडावा आणि गोंगाटाची पातळी टिपून घ्यावी. नंतर एरियल पुन्हा जोडावी. गोंगाट १० डेसिबेल किंवा अधिक चढला, तर संचाचा स्वतःचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे, आणि याहून संवेदनक्षम संच घेऊन अर्ध्या डेसिबेलपेक्षा अधिक लाभ होणार नाही. गोंगाट मुळीच चढला नाही, तर मात्र एरियल, केबल, पहिला विवर्धक आणि संच यांची याच क्रमाने तपासणी करावी.

बाहेरच्या गोंगाटाचा उगम शोधण्यासाठी संगणक आणि संच बॅटरीवर चालवून इमारतीचा मुख्य स्विच क्षणभर बंद करावा. गोंगाट एकदम उतरला, तर शत्रू घरातच आहे. मग एकेक दिवा, चार्जर आणि पंख्याचा नियंत्रक चालू करीत गेल्यास दोषी साधन सापडते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. वादळात सर्वत्र वीज जाते, तेव्हा परिसरातील मानवनिर्मित गोंगाट बराच कमी होतो आणि दूरचे संकेत नेहमीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ शकतात. परंतु मदत केंद्रातील इन्व्हर्टर, एलईडी दिवे आणि चार्जर रेडिओच्या शेजारीच चालू असतील, तर हा लाभ वाया जातो. म्हणून रेडिओची जागा इन्व्हर्टरपासून दूर असावी, त्यासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवावी, आणि ही व्यवस्था पावसाळ्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावी. विजा कडाडत असताना मात्र बाहेरची एरियल संचापासून काढून ठेवणेच सुरक्षित होय.

२०१२ पासून प्रचारात आलेले स्वस्त उपकरण मूळ स्वरूपात सुमारे २४ मेगाहर्ट्झच्या वरच काम करते. लघुलहरी ऐकावयाच्या असल्यास ती सोय असलेला प्रकार निवडावा. इतरांचे खाजगी किंवा शासकीय संदेश ऐकणे व त्यांचा प्रसार करणे कटाक्षाने टाळावे. प्रक्षेपण करावयाचे असल्यास केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हौशी केंद्रचालकाचा परवाना घ्यावा लागतो.

एखाद्या शाळेपाशी किंवा पंचायतीपाशी मर्यादित निधी असेल, तर त्याचा विनियोग शांत जागा, उंच आणि योग्य एरियल, कमी हानीची केबल, आवश्यक तेथे फिल्टर व पायथ्याशी विवर्धक, आणि सर्वांत शेवटी संच, या क्रमाने करणे हितावह ठरेल. या क्रमाने उभारलेले केंद्र साध्या संचावरही असे निरोप ऐकू शकेल, जे गोंगाटाच्या जागी ठेवलेल्या महाग संचाच्या कानी कधीच पडणार नाहीत.